कर्जफेडीच्या वेळी जादा घेतलेली रक्कम परत कशी मिळवावी?



बियाणे वा खत खरेदी करताना आपण पिशवीवरील वजन पाहतो, शिवण उसवलेली नाही ना याची खात्री करून घेतो आणि पावती जपून ठेवतो. कर्जाच्या बाबतीत ही सावधगिरी कर्ज घेताना थोडीफार दिसते, परंतु कर्ज पूर्ण फेडताना ती बहुधा दिसत नाही. "एकूण किती भरायचे?" एवढेच विचारून आपण रक्कम भरतो आणि कागद हाती आला की सुटलो, असे मानतो. प्रत्यक्षात या शेवटच्या भरण्यातच काही वेळा न लागणारी आकारणी मिसळलेली असते.

मार्च २०२५ च्या अखेरीस रोहा तालुक्यात वाल पिकाचा शेतीदिन झाला. कार्यक्रम संपल्यावर एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने खिशातून घडी केलेली पावती काढली व म्हणाले, "साहेब, एवढे जरा वाचून द्या. मुद्दल चार लाख वीस हजार होते, मग हे वरचे सोळा हजार कसले?" त्यांनी २०१८ साली घर बांधण्यासाठी घर व लगतची जागा गहाण ठेवून कर्ज घेतले होते. भावांच्या वाटणीच्या दस्ताची तारीख ठरली होती आणि त्याआधी जागा बोजातून मोकळी व्हावयास हवी होती. म्हणून मागितली तेवढी रक्कम त्यांनी भरून टाकली. "कागद हवा होता, विचारत बसायला वेळ कुठे होता?" असे त्यांचे म्हणणे होते.

ती पावती तपासली असता १४,३९१ रुपये जादा घेतल्याचे दिसून आले. २०२४-२५ च्या खरीप हंगामातील साधारण भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. त्या हिशेबाने ही रक्कम सव्वासहा क्विंटल भाताची होते. हेक्टरी ३० क्विंटल उत्पादन धरल्यास सुमारे २० गुंठ्यांचे संपूर्ण पीक एका पावतीत गेले. ही रक्कम परत मागता येते. ती कशी मागावी, कोणत्या नियमांच्या आधारे मागावी आणि कोठे मागता येत नाही, याची माहिती या पाठात दिली आहे.

१. गहाण आणि गहाणमुक्ती

जमीन वा घर गहाण ठेवले म्हणजे त्याची मालकी कर्ज देणाऱ्याकडे जात नाही. ती मालमत्ता केवळ कर्जाची हमी असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६० नुसार मुद्दल देय झाल्यानंतर गहाणाची रक्कम चुकती करून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क गहाण ठेवणाऱ्यास आहे. रक्कम मिळाल्यावर गहाणखत व मालमत्तेचे कागद परत देणे हे गहाण घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र गहाण सोडवल्याचा दस्त करावा लागल्यास त्याचा खर्च कर्जदाराने सोसावयाचा असतो, हेही त्याच कलमात सांगितले आहे.

दुसरी महत्त्वाची तरतूद भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मध्ये आहे. चुकीने अथवा जबरदस्तीमुळे दिली गेलेली रक्कम ज्याला मिळाली त्याने ती परत केली पाहिजे, असे हे कलम सांगते. त्यामुळे "तुम्ही स्वतःच भरलीत, आता काय?" हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

हिशेब मागण्याचा हक्क महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचा उठाव सुरू झाला. त्यात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने कर्जरोखे हस्तगत करून जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांसाठी जो कायदा करण्यात आला, त्याने रोख्यावरील आकड्यावर न थांबता देण्याघेण्याचा मूळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. कर्जदाराचे हित जपायचे तर हिशेब उघड झाला पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून मान्य झालेले आहे.

२. खाते बंद करताना होणारी आकारणी

कर्जखाते बंद करताना मागितल्या जाणाऱ्या रकमेत मुद्दलाव्यतिरिक्त पुढील बाबी असू शकतात.

(अ) शेवटच्या हप्त्यानंतरच्या दिवसांचे व्याज.
(आ) मुदतीपूर्वी कर्ज फेडल्याबद्दलचे शुल्क. यालाच फोरक्लोजर किंवा प्रीपेमेंट चार्ज म्हणतात.
(इ) कागदपत्रे परत करण्याचे वा गहाण सोडवण्याचे शुल्क.
(ई) हप्ता थकल्याबद्दलचा दंड.
(उ) वरील शुल्कांवरील वस्तू व सेवा कर.
(ऊ) वकील, शोध अहवाल, मुद्रांक व नोंदणी यांचा प्रत्यक्ष खर्च.

यातील प्रत्येक बाब वेगळी लिहून मागावी. "इतर आकार" या एकाच नावाखाली टाकलेली रक्कम मान्य करू नये.

३. नियम काय सांगतात?

मुदतपूर्व फेडीचे शुल्क : प्रथम आपल्या कर्जाचा व्याजदर बदलता म्हणजे फ्लोटिंग आहे की स्थिर आहे, हे मंजुरीपत्रात पाहावे. रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बदलत्या दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घेण्यास बँकांना मनाई केली. ७ मे २०१४ रोजी ही मनाई वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या सर्व मुदत कर्जांना लागू करण्यात आली. व्यवसायाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी घेतलेल्या कर्जांना ती लागू आहे आणि सहकर्जदार असला तरी फरक पडत नाही, हे ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट करण्यात आले.

त्यानंतर २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने अधिक व्यापक निर्देश दिले. १ जानेवारी २०२६ रोजी वा त्यानंतर मंजूर अथवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. त्यांचा सारांश असा :

- व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही.
- व्यक्तीने किंवा सूक्ष्म व लघु उद्योगाने व्यवसायासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावरही व्यापारी बँकांना असे शुल्क घेता येत नाही.
- लघुवित्त बँका, ग्रामीण बँका, राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि १,००० कोटी ते १०,००० कोटी रुपये ठेवींच्या नागरी सहकारी बँका यांच्या बाबतीत व्यवसायासाठीच्या कर्जाला ही सवलत ५० लाख रुपये मंजूर रकमेपर्यंत आहे.
- रक्कम कोठून आणली यावर सवलत अवलंबून नाही. दुसऱ्या बँकेचे कर्ज काढून फेड केली तरी शुल्क लागत नाही. किमान अमुक महिने कर्ज ठेवलेच पाहिजे, अशी अटही घालता येत नाही.
- जेथे शुल्क घेण्यास मुभा आहे तेथेही ते मंजुरीपत्रात व करारात आधी लिहिलेले असले पाहिजे. न कळवलेले शुल्क मागाहून लावता येत नाही.

स्थिर दराच्या कर्जावर करारात लिहिलेले शुल्क घेता येते, हे ध्यानात ठेवावे. तसेच १ जानेवारी २०२६ पूर्वीचे गोठा, कुक्कुटपालन किंवा फळबाग यांसाठीचे मुदत कर्ज असल्यास आपला करार आणि त्या बँकेचे सेवाशुल्क पत्रक ही दोन्ही पाहूनच मागणी करावी.

शेवटच्या महिन्याचे व्याज : व्याज हे रक्कम वापरलेल्या दिवसांचेच लागते. महिन्याच्या मध्यात कर्ज फेडले असता पूर्ण महिन्याचे व्याज घेणे, तसेच रक्कम हाती येण्यापूर्वी, मंजुरीच्या तारखेपासूनच व्याज लावणे, असे प्रकार तपासणीत आढळल्याचे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नमूद केले आहे. असे जादा व्याज ग्राहकांना परत करण्यास संबंधित संस्थांना सांगण्यात आले होते, हेही त्यात आहे.

शेतीकर्जावरील चक्रवाढ : भात वर्षातून एकदा कापणीस येते, म्हणून पीककर्जाचे व्याज पीकहंगामाशी जोडलेले असते. कॉर्पोरेशन बँक विरुद्ध डी. एस. गौडा या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतीकर्जावर तिमाही चक्रवाढ व्याज लावणे अमान्य केले. हा फरक किती पडतो ते पाहू. १ लाख रुपये द. सा. द. शे. १२ दराने ३ वर्षे थकले, तर वार्षिक चक्रवाढीने १,४०,४९३ रुपये व तिमाही चक्रवाढीने १,४२,५७६ रुपये होतात. म्हणजे २,०८३ रुपयांचा फरक केवळ व्याज मुद्दलात मिळवण्याच्या पद्धतीमुळे पडतो.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम सर्वांना ठाऊक आहे. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा त्याचा अर्थ. लहान व सीमांत शेतकऱ्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जखात्यावर एकूण आकारलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा शेड्यूल्ड व्यापारी बँकांसाठी नियमच आहे. पेण व रोहा तालुक्यांतील बहुसंख्य खातेदार या गटात मोडतात. जुने थकीत पीककर्ज मिटवताना हा नियम विसरू नये.

दंड : १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड हा वाढीव व्याजदर म्हणून लावता येत नाही. तो स्वतंत्र दंडशुल्क म्हणून दाखवावा लागतो व त्यावर पुढे व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. अशा दंडशुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

कागदपत्रे : संपूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत व कोणत्याही नोंदणी यंत्रणेत नोंदलेला भार काढून टाकला पाहिजे. संस्थेच्या चुकीमुळे विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १३ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला व १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. तो बँकांना, नागरी व मध्यवर्ती सहकारी बँकांना तसेच बिगरबँक वित्तसंस्थांनाही लागू आहे. कागद गहाळ झाल्यास नक्कल मिळवून देण्याचा खर्च संस्थेनेच करावयाचा असतो. त्या कामी आणखी ३० दिवस मिळतात.

४. हिशेब कसा तपासावा?

व्याज काढण्याचे सूत्र सोपे आहे.

व्याज = मुद्दल × वार्षिक दर × दिवस ÷ ३६,५००

वर उल्लेख केलेल्या शेतकऱ्याने २८ फेब्रुवारी २०२५ चा हप्ता भरल्यावर ४,२०,००० रुपये मुद्दल बाकी होते. दर १० टक्के, बदलता. खाते १२ मार्चला, म्हणजे १२ दिवसांनी बंद केले. करारात कागद परत करण्याचे शुल्क ५०० रुपये लिहिले होते.

तक्ता क्र. १ : आकारलेली व योग्य रक्कम (रुपये)

| बाब | आकारलेली | योग्य | जादा |
|---|---|---|---|
| मार्चचे व्याज | ३,५०० | १,३८१ | २,११९ |
| मुदतपूर्व फेड शुल्क २ टक्के | ८,४०० | ० | ८,४०० |
| त्यावरील कर १८ टक्के | १,५१२ | ० | १,५१२ |
| कागद परत करण्याचे शुल्क | २,५०० | ५०० | २,००० |
| त्यावरील कर १८ टक्के | ४५० | ९० | ३६० |
| एकूण | १६,३६२ | १,९७१ | १४,३९१ |

शुल्क परत मिळावयाचे असेल तर त्यावरील करही परत मागावा. ही गोष्ट पुष्कळदा राहून जाते.

तक्त्यातील चौथी बाब थोडी निराळी आहे. तेथे शुल्क घेण्यास मनाई नव्हती, परंतु कराराच्या वेळी ५०० असलेले शुल्क फेडीच्या वेळी २,५०० झाले होते. असाच प्रश्न ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर उद्भवला होता. तेथील गृहकर्ज संस्था खाते बंद करण्याचे शुल्क वर्षानुवर्षे वाढवीत गेल्या. जानेवारी २००७ मध्ये तेथील वित्तीय सेवा प्राधिकरणाने या वाढीचे समर्थन करा किंवा कराराच्या वेळचेच शुल्क घ्या, अशी भूमिका घेतली. त्यानंतर अनेक संस्थांनी तक्रार करणाऱ्या ग्राहकांना फरकाची रक्कम परत केली. आपल्याकडेही पहिला प्रश्न हाच विचारावा : मी सही केली तेव्हा कागदावर काय लिहिले होते? मात्र करारात "वेळोवेळी लागू असणाऱ्या दरपत्रकाप्रमाणे" असे शब्द असतील, तर फरकाची मागणी दुबळी पडते. तेव्हा दरवाढ आपणास कळवली होती काय, एवढेच विचारता येते.

५. रक्कम परत मागण्याची पद्धत

पहिली पायरी - कागद जमवणे : मंजुरीपत्र, कराराची प्रत, संपूर्ण खातेउतारा, फेडीच्या रकमेचे पत्र व भरणा पावती हे पाच कागद एका जागी ठेवावेत. कराराची प्रत नसल्यास शाखेकडे लेखी अर्ज करून मागावी व अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

दुसरी पायरी - भरण्यापूर्वी हरकत : फेडीच्या तारखेच्या आधी ८ ते १० दिवस बाबवार रक्कम लेखी मागावी. चूक दिसल्यास तेथेच हरकत घ्यावी. दस्ताची तारीख जवळ असल्याने भरणे भाग असेल तर भरावे. मात्र "अमुक रक्कम मला मान्य नाही, हक्क राखून भरत आहे" असे पत्र त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी. घाईत दिलेली रक्कम खुशीने दिलेली नव्हती, याचा तो पुरावा ठरतो.

तिसरी पायरी - शाखेकडे अर्ज : तोंडी बोलण्यात वेळ घालवू नये. अर्ज शाखाधिकाऱ्यास द्यावा व एक प्रत मुख्य कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्यास नोंदणीकृत टपालाने किंवा ई-मेलने पाठवावी.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. शाखाधिकारी, ……… शाखा ………

विषय : कर्जखाते क्रमांक ……… बंद करताना घेतलेली जादा रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,
मी वरील कर्जखाते दिनांक ……… रोजी पूर्ण रक्कम भरून बंद केले आहे. माझे कर्ज बदलत्या व्याजदराचे असून ते ……… या कारणासाठी घेतले होते. खाते बंद करताना पुढील रकमा जादा घेण्यात आल्या आहेत : १) ……… रुपये ……… २) ……… रुपये ……… एकूण रुपये ………
या रकमा रिझर्व्ह बँकेच्या दिनांक ……… च्या निर्देशाशी / करारातील कलम ……… शी विसंगत आहेत. तरी करासह संपूर्ण रक्कम माझ्या बचत खाते क्रमांक ……… मध्ये ३० दिवसांत जमा करावी. मागणी अमान्य असल्यास कारण व आधार लेखी कळवावा.
सोबत : खातेउतारा, पावती व करार यांच्या प्रती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दिनांक)

अर्जात राग, आरोप वा इतर तक्रारी लिहू नयेत. तारीख, रक्कम आणि नियम या तीनच गोष्टी असाव्यात.

६. शाखेने दाद न दिल्यास

बँका व वित्तसंस्था : ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. बँका, बिगरबँक वित्तसंस्था यांच्यासाठीची एकत्रित लोकपाल व्यवस्था १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचाही तीत समावेश झाला आहे. तक्रारीस शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा टपालाने 'केंद्रीय पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड - १६००१७' या पत्त्यावर तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आधी शाखेकडे अर्ज न करता थेट लोकपालाकडे गेल्यास तक्रार स्वीकारली जात नाही. शाखेचे उत्तर आल्यावर वा मुदत संपल्यावर रेंगाळू नये.

गावची विविध कार्यकारी सेवा संस्था व पतसंस्था : या संस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा. तेथे न सुटल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात दाद मागता येते. संस्थेने कर्जातून कापलेले भागभांडवल ही फी नव्हे. ती सभासदाची रक्कम असून उपविधीप्रमाणे परत मागता येते.

परवानाधारक वा विनापरवाना सावकार : महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये निबंधक कार्यालयाकडे तक्रार करावी. बेकायदा सावकारीत बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळण्याची तरतूद या कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे.

ग्राहक आयोग : पेण व रोहा येथील ग्राहकांना अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. एकाच बाबीसाठी लोकपाल व आयोग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाऊ नये.

७. सातबारावरील बोजा

रक्कम परत मिळाली, पण सातबारा उताऱ्याच्या इतर हक्कांत बोजा तसाच राहिला, तर काम अर्धेच झाले. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी पुढीलप्रमाणे कार्यवाही करावी.

१) बँकेकडून बेबाकी दाखला व बोजा कमी करण्याबाबतचे पत्र घ्यावे. दोन्हींवर गट नंबर, गावाचे नाव व मूळ बोजाची रक्कम बरोबर आहे ना ते पाहावे.
२) ते तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करावा.
३) फेरफार नोंद होऊन मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्यावर नवीन सातबारा काढून स्वतः वाचावा.
४) नोंदणीकृत गहाणखत असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयात गहाणमुक्तीचा दस्त नोंदवावा.

हे काम पुढे ढकलणे धोक्याचे असते. भूविकास बँकांचा कारभार बंद पडल्यानंतर त्यांच्या जुन्या कर्जांचे बोजे सातबारावर वर्षानुवर्षे राहिले. २०२२ मध्ये राज्य शासनाने ही कर्जे माफ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोठे अनेकांचा मार्ग मोकळा झाला. पेणकरांनाही २०१० साली पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने घातलेले निर्बंध आठवत असतील. कर्ज देणारी संस्था कायम राहील व तिचे दप्तर सदैव हाताशी असेल, असे धरून चालू नये. आपला दाखला आपल्या घरात असावा.

८. लक्षात ठेवावयाच्या बाबी

- २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास १ जानेवारी २०२५ पासून तारण देण्याची गरज नाही. विनाकारण जमीन गहाण ठेवली नाही, तर ती सोडवण्याचा खर्चही येत नाही.
- कर्जासोबत एकरकमी विमा घेतला असल्यास, खाते लवकर बंद केल्यावर उरलेल्या मुदतीच्या हप्त्यापैकी काही परत मिळते काय, हे पॉलिसीत पाहावे.
- कर्जदार मयत असल्यास वारसांनीही हिशेब व कागदपत्रे मागावीत.
- मुद्रांक, नोंदणी व शोध अहवाल यांचा खर्च पावतीनिशी दाखवला असेल तर तो रास्त समजावा. जेथे आकार योग्य आहे तेथे वाद घालू नये. त्यामुळे खऱ्या मागणीचे वजन कमी होते.
- शेतीच्या नोंदवहीत कर्जासाठी दोन पाने राखून ठेवावीत. हप्त्याची तारीख, रक्कम व व्याजदरातील बदल त्यात लिहीत जावे.

९. स्वाध्याय

प्रश्न १ : ३,००,००० रुपये मुद्दल, दर १२ टक्के. शेवटच्या हप्त्यानंतर २० दिवसांनी खाते बंद केले. पूर्ण महिन्याचे ३,००० रुपये व्याज घेतले. जादा किती?
उत्तर : योग्य व्याज १,९७३ रुपये. जादा १,०२७ रुपये.

प्रश्न २ : ५ जून रोजी संपूर्ण फेड केली. बँकेच्या दिरंगाईमुळे कागद २० जुलैला मिळाले. भरपाई किती?
उत्तर : ३० दिवस ५ जुलैला पूर्ण होतात. विलंब १५ दिवस. भरपाई ७५,००० रुपये.

प्रश्न ३ : आपल्या स्वतःच्या कर्जाचे मंजुरीपत्र काढून त्यातील व्याजदराचा प्रकार व मुदतपूर्व फेडीची अट शोधून वहीत लिहा. याचे उत्तर ज्याचे त्यानेच पडताळावे.

रोह्याच्या शेतकऱ्याने एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वरील नमुन्याप्रमाणे अर्ज दिला. २२ दिवसांनी मुदतपूर्व शुल्क, त्यावरील कर व जादा व्याज मिळून १२,०३१ रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले. कागद परत करण्याच्या शुल्काबाबत मात्र "सध्याच्या दरपत्रकाप्रमाणे" असे उत्तर आले. त्यांनी कराराच्या त्या पानाची प्रत जोडून दुसरे पत्र दिले व पुढे लोकपालाकडे तक्रार नोंदवली. उरलेले २,३६० रुपये जुलैत, लावणीच्या दिवसांत आले. एवढ्या खटाटोपास त्यांना टपाल व झेरॉक्स मिळून दोनशे रुपयांच्या आत खर्च आला. आता त्यांच्या दोन्ही भावांनी आपापल्या कर्जांचे करार मागवून घेतले आहेत.

पावसाळ्यापूर्वी आपण बांधबंदिस्ती पाहून घेतो. खारभूमीच्या गावांतून तर एक भोक राहिले तरी खारे पाणी आत शिरते, हे सांगावयास नको. तेवढ्याच काळजीने कर्जाचा शेवटचा हिशेब तपासावा. काही शंका असल्यास शाखेतील अधिकाऱ्यास निःसंकोच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.